गोलाकडे पाठ

काकांना फुटबॉलमधलं जवळजवळ सगळं कळत होतं. ऑफसाइड कळत होतं, जे त्यांच्या सलूनमध्ये येणाऱ्या निम्म्या पुरुषांना कळत नसे आणि तरी ते त्यावर तावातावाने बोलत. कॉर्नरला कुणी कुणाला अडवायचं, दमलेल्या बॅकला कधी बाहेर घ्यायचं, रेफरी कुठे चुकली, हे सगळं काका वस्तरा चालवता चालवता समजावून सांगत, आणि गळ्यावर वस्तरा असल्यामुळे त्यांच्याशी वाद कुणी घालत नसे. एकच गोष्ट काकांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांची सून शहरातल्या महिला संघाची गोलकीपर होती, आणि तिने अडवलेला एकही बॉल काकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलेला नव्हता.

आता कुणाला वाटेल, मॅचला जात नसतील. छे! मॅच चुकवणं काकांना माहीतच नव्हतं. ऊन असो, भुरभुर पाऊस असो, काका-काकू बसायच्या उशा आणि चहाचा थर्मास घेऊन सगळ्यांच्या आधी सूनबाईच्या गोलामागे हजर. पण बॉल पलीकडच्या अर्ध्यात असेपर्यंतच काका प्रेक्षक. बॉलने मधली रेघ ओलांडली की त्यांचा जीव खालीवर व्हायला लागे, आणि समोरची एखादी पोरगी गोलाच्या रोखाने निघाली की काका गर्रकन वळून मैदानाकडे पाठ करून बसत. वरच्या पायरीवर काकू असत. पुढची मॅच काका काकूंच्या चेहऱ्यावर बघत.

इतक्या वर्षांच्या संसारात त्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ त्यांना पाठ झाली होती. भुवया वर गेल्या म्हणजे बॉल हवेत. खालचा ओठ दातांत म्हणजे समोरची पोरगी गोलापुढे एकटी. डोळे मिटले म्हणजे गेला, आणि "अगं बाई!" करून हात छातीवर गेला म्हणजे सूनबाईने अडवला. मग काका वळून कडाकड टाळ्या वाजवत, सगळं स्वतः बघितल्याच्या थाटात.

"मी इथे मॅच बघायला येते की तुम्हाला तोंड दाखवायला?" काकू दर आठवड्याला विचारत.

"दोन्ही होतंय ना? मग झालं तर," काका म्हणत.

हे सगळं सुरू झालं हातमोज्यांपासून. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. सून घरात आली ती एक भलीमोठी बॅग घेऊन, आणि दर रविवारी ती बॅग खांद्याला लावून बाहेर पडायची. काकांना वाटायचं, असेल काहीतरी व्यायामाचं. एका रविवारी ती घाईत हातमोजे विसरून गेली. काकूंनी ते सलूनमध्ये आणून काकांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पळा." रविवार म्हणजे सलूनचा सगळ्यात गर्दीचा दिवस. काकांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर थांबवलं, "आलोच," म्हणाले आणि पळाले. ते एकदम संध्याकाळी आले. त्या गिऱ्हाइकाने उरलेली अर्धी दाढी दुसरीकडे केली आणि पुढे वर्षभर काकांना टोमणे मारले.

काय बघितलं होतं त्यांनी तिथे? मैदान तसं साधंच. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला आणि दोन्ही गोलांमागे सिमेंटच्या चार-चार पायऱ्या, पायऱ्या आणि मैदान यांच्या मधे कमरेएवढा लोखंडी कठडा. माणसं म्हणाल तर एखाद्या लग्नाला येतील तेवढी. पण त्या कठड्याशी उभं राहिलं की खेळ कानांनी ऐकू येत होता. बुटांचा दणका, बॉलची थाप, आणि पोरींचा तो आरडाओरडा! "मागे आहे!" "माझा, माझा, माझा!" "अगं वर ये ना, तिथे काय झोपलीस?" काकांनी आयुष्यभर टीव्हीवर पुरुषांच्या मोठ्या मॅच बघितल्या होत्या. लाख लोकांच्या गोंगाटात ते खेळाडू त्यांना चित्रातल्यासारखे लांब वाटायचे. इथे बॉल कठड्यावरून आला तर तुम्हीच परत टाकायचा, आणि पोरगी "थँक्यू काका" म्हणून पुढे जायची.

आणि पोरी तरी कोण? काकांनी डोळे बारीक करून बघितलं, तर बँकेतली ती कॅशिअर! काउंटरवर मान वर करून बघायची नाही, "पुढच्या खिडकीत जा" एवढंच पुटपुटायची. ती इथे कप्तान होती आणि अख्ख्या मैदानाला दम देत होती. औषधांच्या दुकानातली लाजरी मुलगी, जिच्याकडे खोकल्याचं औषध मागितलं तरी जी कानापर्यंत लाल व्हायची, ती बॅकला खेळत होती आणि तिने एकीला असं आडवं केलं की काकांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. काकांना वाटलं, आपण या माणसांना रोज बघतो आणि आपल्याला यांच्यातलं काहीच ठाऊक नाही. त्या दिवसापासून ते वेडावले. दर रविवारी दुपारी सलूनला कुलूप लागायला लागलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, मग त्यातली काही कुतूहलाने मैदानावर आली, आणि त्यातली बरीचशी तिथलीच झाली.

मॅच संपली की पोरी कठड्याशी येत. घामाने निथळत, गुडघे सोललेल्या. काकू थर्मास उघडत. कुणी विचारी, "काका, माझा पास कसा होता?" आणि काका खरं सांगत, "अगं, पास चांगला होता, पण घेणारी तिथे नव्हती." त्यावर सगळ्या खो खो हसत. या कठड्याशी काकांना जेवढं बरं वाटे, तेवढं दुसरीकडे कुठेच वाटत नसे.

फक्त ते गोलाचं सोडून. त्या पहिल्याच दिवशी, हातमोजे देऊन झाल्यावर, समोरची एक धिप्पाड पोरगी बॉल घेऊन सूनबाईच्या अंगावर धावून आली होती आणि काकांनी पाठ फिरवली होती. मार लागेल ही भीती होतीच. पण खरी भीती निराळी होती. बाकीच्या दहा जणी चुकल्या तर त्यांच्या मागे कुणीतरी असतं. हिच्या मागे कुणीच नाही, नुसती जाळी. ही चुकली की सगळं मैदान हिच्याकडे बघणार. ही एकटी मान खाली घालून उभी राहणार आणि आपण सासरे असून काही करू शकणार नाही. ते बघायची काकांची छाती नव्हती. त्या दिवशी ते वळले ते वळले, आणि मग तीच सवय होऊन बसली.

सीझन संपत आला होता. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकं गेल्यावर सूनबाई सलूनमध्ये आली आणि खुर्चीत बसली. तिचे केस काकाच कापत. डोळ्यांवर येतात म्हणून अगदी बारीक. काकांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि कात्री चालवायला घेतली.

"बाबा, उद्या शेवटची मॅच," ती आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली.

"माहितेय की. सीझनची शेवटची. बरोबरी झाली तरी आपण तिसरे."

"सीझनची नाही. माझी."

कात्री थांबली.

"गुडघा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अजून एक सीझन खेळलात तर पुढे जिना चढताना रडाल. म्हटलं, बास. पुढच्या वर्षीपासून लहान मुलींना शिकवीन. ह्यांना फोनवर सांगितलंय, आईंना सकाळी सांगितलं. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

तिच्या मानेवरचे केस काकांनी ब्रशने झटकले, पुन्हा झटकले, तिथे केस नव्हते तरी.

"एक मागू?"

"माग ना."

"उद्या मला बघा."

"म्हणजे काय? मी तर दर रविवारी..."

"येता हो. बघत नाही." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? बॉल आणायला मागे वळले की कठड्यापलीकडे मला तुमची पाठ दिसते. आणि मी बॉल अडवला की सगळ्या टाळ्या वाजून संपतात, मग एक टाळी मागाहून येते. ती तुमची. आईंच्या तोंडावर वाचून वाजवलेली. चांगली वाटते हो ती, मी नाही म्हणत नाही. पण उद्यानंतर मी तिथे उभी नसणार, बाबा. एकदा तरी बघा."

"बघेन," काका म्हणाले.

म्हणायला काय, म्हणून गेले. पण रविवारी सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी मनातल्या मनात तोड काढली की शक्य होईल तेवढं बघू आणि अगदीच नाही सोसलं तर काकू आहेतच. दुपारी निघायची वेळ झाली आणि काकू बाहेर आल्या. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, त्यावर हा मोठा काळा गॉगल. नाकाचा शेंडासुद्धा दिसत नव्हता.

"हे काय?" काका दचकले. "दरोडा घालायला निघालीस का?"

"आज माझं तोंड मिळणार नाही," स्कार्फच्या आतून काकू म्हणाल्या. "पोरीने कधी नव्हे ते काही मागितलंय. गुपचूप तिच्याकडे बघायचं."

काकांनी हुज्जत घातली, विनवण्या केल्या, ऊन लागेल, गुदमरशील, सगळं सांगून बघितलं. काकू ढिम्म. तेव्हा काका "आलोच" म्हणून सलूनमध्ये गेले आणि कोटाच्या खिशात काहीतरी घालून परत आले. केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचा तो हातातला आरसा होता. काका स्वतःवर बेहद्द खूश होते. बघेन म्हणालो, पण तोंड करून बघेन असं कुठे म्हणालो? आणि खरं सांगायचं तर त्यात लबाडी कमी आणि सवय जास्त होती. सगळा जन्म त्यांनी माणसं आरशातच बघितली होती. गिऱ्हाइकांचे राग, रुसवे, टक्कल पडल्याचं दुःख, सगळं समोरच्या काचेत. आरशात बघायचं म्हटलं की काकांना धीर येई.

मैदानावर त्या दिवशी पायऱ्या भरल्या होत्या. कप्तानने बँकेतून सगळा स्टाफ ओढून आणला होता. इथली एक रीत अशी की ज्यांना गोलकीपरच्या मागे बसायचं ते हाफटाइमला आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या टोकाला जात. काका-काकू पहिल्या अर्ध्यासाठी अलीकडच्या गोलामागे बसले. सूनबाई आली, दोन्ही खांबांना हात लावला, मागे वळून बघितलं. काका सरळ तिच्याकडे तोंड करून बसले होते. तिने मान हलवली आणि पुढे तोंड केलं. तिचं तोंड वळताक्षणी काकांनी पाठ फिरवली, आरसा काढला आणि खांद्याच्या बाजूला धरला.

"मला लाज वाटते तुमची," काकू म्हणाल्या.

"बघतोय ना? हे बघ, स्वच्छ दिसतंय!"

दिसत होतं खरं. आपल्या पोरी जोरात होत्या. बराच वेळ खेळ पलीकडेच चालला होता, आणि तिथे कप्तानने कॉर्नरवरून डोक्याने गोल मारला तेव्हा काका वळून इतके नाचले की उशी कठड्यापलीकडे पडली. मग बॉल अलीकडे आला. काकांनी आरसा वर केला. आरशात एक चपळ पोरगी कडेकडेने येत होती, औषधांच्या दुकानातल्या मुलीला तिने चकवलं होतं, आणि सूनबाई मात्र दुसरीकडेच बघत होती. काकांना राहवेना. त्यांनी छाती फोडून आरोळी ठोकली, "सूनबाई, डावीकडे! डावीकडे!"

सूनबाई डावीकडे झेपावली. बॉल उजवीकडून आला. औषधवालीने कुठून तरी धावत येऊन तो रेघेवरून लाथाडला म्हणून वाचलं.

सलूनमध्ये काका गिऱ्हाइकाच्या मागे उभे असत, आणि समोरच्या काचेत डाव्या हाताला दिसेल तो गिऱ्हाइकाचा डावा गाल. तिथे त्यांचा हात कधी चुकला नव्हता. पण आज ते पाठ करून बसले होते आणि सगळं मैदान काचेत उलटं झालं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"बाबा!" सूनबाई वळलीसुद्धा नाही, पण ती ओरडली ते गोदामाच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "तोंड बंद!"

सगळ्या पायऱ्या हसल्या. समोरच्या संघाची गोलकीपरही पार पलीकडून हसली. काकूंच्या स्कार्फच्या आत काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण खांदे हलत होते.

हाफटाइमला बिऱ्हाड पलीकडे गेलं. एक-शून्य. आता बोलायचं नाही, नुसतं बघायचं असा काकांनी कानाला खडा लावला. या टोकाला ऊन मात्र मैदानाच्या अंगाने येत होतं, चांगलं कलतं, डोळ्यांत जाणारं. काका पाठ करून बसले होते, त्यामुळे त्यांना त्याचा काही त्रास नव्हता. त्रास दुसऱ्यांना झाला. समोरची ती चपळ पोरगी बॅकना चकवून एकटी गोलापुढे आली, पाय मागे नेला, आणि एकदम डोळे मिटून "आई गं!" म्हणत थांबली. बॉल तिच्या पायाला लागून भलतीकडे गेला. तिचा संघ ओरडायला लागला. रेफरीबाईंनी शिट्टी मारली आणि इकडेतिकडे बघितलं. गोलामागून एक लखलखीत तिरीप मैदानावर नाचत होती.

रेफरीबाई चालत कठड्याशी आल्या. "काका, वळा."

काका वळले.

"आरसा द्या."

"अहो बाई, मी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम केलं असतं तर तुम्हाला बाहेर काढलं असतं. आरसा द्या."

काकांनी निमूटपणे दिला. त्या चपळ पोरीची त्यांनी हात जोडून माफी मागितली. ती डोळे चोळत म्हणाली, "काका, सलून आहे का तुमचं? मग मॅचनंतर माझे केस फुकट कापायचे."

"कापतो गं पोरी, जन्मभर कापतो," काका म्हणाले.

आरसा मैदानाबाहेर रेफरीबाईंच्या बॅगेपाशी पडला. काकूंचं तोंड स्कार्फमध्ये. काका बसले होते, पण बसवत नव्हतं. बॉल अलीकडे आला की ते वळत आणि वळून त्यांना मिळे काय, तर काळा गॉगल. मग त्यांना सुचलं की गॉगलच्या काचेतही थोडंफार दिसतं. ते पुढे सरकले, डोळे बारीक केले, काकूंच्या नाकाला नाक लागायची वेळ आली.

"लोक बघताहेत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गॉगल काढून पिशवीत टाकला. डोळे त्यांनी घट्ट मिटून घेतले होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळ्या पायऱ्यांवरून एकदम "ओऽह" उठला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. काकू डोळे मिटूनच होत्या. शेजारचे बँकेचे मॅनेजर म्हणाले, "पेनल्टी. तुमच्या औषधवालीने पाडलं त्या चपळ पोरीला."

मॅच संपायला थोडाच वेळ उरला होता. काका पाठ करून बसले होते. मागे हळूहळू सगळं शांत होत गेलं. पायऱ्या गप्प झाल्या, पोरी गप्प झाल्या. त्या शांततेत काकांना सूनबाईचा आवाज आला. इतक्या जवळ, की हात लांबवला तर लागेल. तिने हातमोज्यांची टाळी वाजवली, जोरात श्वास सोडला आणि स्वतःशीच पुटपुटली, "चल. चल. ये."

काकांना एकदम स्वतःचा राग आला. पोर तिथे एकटी उभी आहे, आणि आपण म्हणे तिच्या काळजीने पाठ करून बसलो आहोत. ही कसली काळजी? हिच्या मागे नुसती जाळी आहे असं म्हणत आलो, पण जाळीच्या मागे आपण होतो की. तिने एवढ्या वेळा वळून बघितलं आणि तिला काय दिसलं, तर कोट.

काका उठले, वळले आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

त्यांना सगळं दिसलं. जाळीपलीकडे सूनबाईचे किंचित वाकलेले खांदे, काल आपणच केस कापलेली मान, गुडघ्याचा पट्टा, पलीकडे धावत येणारी पोरगी. पाय बॉलला लागायच्या आधी सूनबाई हलली. उजवीकडे, बरोबर उजवीकडे, सगळं अंग लांब करून, आणि तिची बोटं बॉलला लागली. लागली! बॉल बोटांना घासून खांबावर आदळला आणि आत गेला.

समोरचा संघ ओरडत एकमेकींच्या गळ्यात पडला. सूनबाई तोंडावर पडली होती. हाच तो क्षण, ज्याच्या भीतीने काकांनी इतके रविवार पाठ फिरवली होती. आता ती मान खाली घालणार.

सूनबाई उठली. तोंडातलं गवत थुंकली. बॉल जाळीतून ओढून काढला आणि कंबरेवर हात ठेवून औषधवालीला म्हणाली, "रडतेस काय? बोटं लागली होती माझी! चल, अजून वेळ आहे!" आणि बॉल मधोमध फेकून दिला. बस, एवढंच. त्या पडण्याला आणि उठण्याला मिळून काकांच्या एका श्वासाएवढा वेळ लागला.

"बघितलं!" काका ओरडले. "बघितलं मी! बघितलं!" ते कठडा धरून उड्या मारायला लागले. आपल्याच संघावर गोल झालेला, सगळ्या पायऱ्या हिरमुसून बसलेल्या, आणि हा माणूस आनंदाने नाचतोय. बँकेचे मॅनेजर चार हात लांब सरकले.

सूनबाई वळली. "बाबा, अहो, गेला तो!"

"जाऊ दे गेला तर! उठलीस की तू!"

तिला हसू आवरेना. ती हातमोजा तोंडावर धरून हसत राहिली, आणि पलीकडून कप्तानने "अगं, लक्ष कुठे आहे?" म्हणून दम दिला तेव्हा कुठे पुढे वळली. काकूंनी तो गोल बघितलाच नव्हता. त्यांनी डोळे उघडले होते खरे, पण त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि काय झालं ते सगळं त्यांना तिथेच कळलं होतं. स्कार्फ केव्हाच गळ्यात आला होता.

त्यानंतर काका बसले नाहीत. बॉल आला की भीती वाटतच होती, पण ते वळले नाहीत. अगदी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. झाडून सगळ्या पोरी गोलापुढे जमल्या, नुसती डोकी आणि कोपरं. बॉल उंच आला. त्या गर्दीतून सूनबाई वर निघाली, दुखऱ्या पायावर जोर देऊन, सगळ्यांच्या वर, आणि तिने बॉल हवेत धरला. अडवला नाही, धरला. छातीशी घेऊन ती खाली आली आणि त्याच्यावर आडवी पडली.

पायऱ्या दणाणल्या. आणि मग ती उठेना. समोरच्या पोरी ओरडायला लागल्या, "वेळ काढतेय, बाई, वेळ काढतेय!" रेफरीबाई जवळ आल्या, हाताने उठायची खूण केली. औषधवाली घाबरून गुडघ्याकडे बघायला वाकली. पण काकांना कळलं होतं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी बॉल छातीशी धरला होता, हनुवटी त्याच्यावर टेकवली होती आणि डोळे मिटले होते. हा बॉल सोडला की संपलं, हे तिला माहीत होतं.

गोलकीपरने बॉल किती वेळ धरायचा याचा नियम काकांइतका त्या मैदानावर कुणी घोकला नसेल. तो मोडणाऱ्या गोलकीपरांवर त्यांनी सलूनमध्ये भाषणं दिली होती.

"राहू द्या हो, बाई!" काका कठड्यावरून ओणवे होऊन म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "राहू द्या तिला जरा!"

रेफरीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं. मग त्या खाली वाकल्या आणि आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा नीट बांधायला लागल्या.

सूनबाई उठली. बॉल हातात घेऊन ती उभी राहिली आणि पुढे बघायच्या आधी तिने मागे वळून बघितलं. काका तिथेच होते, तिच्याकडे तोंड करून, नाक पुसायचंही विसरलेले. ती चार पावलं पळत गेली आणि तिने बॉल असा उडवला की तो गोदामाच्या भिंतीच्याही वर गेला. सगळं मैदान मान वर करून बॉलकडे बघत होतं. काका मात्र सुनेकडे बघत होते.